लिंडेनबाखची जुनी रीत

जानेवारीत दक्षिणेचा वारा सुटला की आमच्या घरात पहिली शिंक अविनाशला येते आणि पाठोपाठ माझं डोकं फिरतं. "आला गं आला, सीडर आला!" असं म्हणत हा माणूस नाक पुसतो, डोळे चोळतो आणि वर हसतो. माहेरचं कुणी दारात उभं राहावं इतकं त्याला त्या शिंकेचं कौतुक. मी मुकाट्याने उठते, पॅटिओचं दार लावते, एअर प्युरिफायर चालू करते आणि त्याच्यासमोर गोळी नि पाण्याचा ग्लास आदळते. "हळू गं," तो म्हणतो. हळू म्हणे!

आम्ही राहतो टेक्ससच्या उत्तरेला, फ्रिस्कोत. इथे डोंगर नाही, ओढा नाही, सीडरचं झाड औषधाला सापडायचं नाही. विटांची एकसारखी घरं, आखून कापलेली हिरवळ, आणि प्रत्येक तिसऱ्या दारावर तोरण. पण ते मेले परागकण खालच्या डोंगराळ मुलखातून अर्धं टेक्सस ओलांडून येतात आणि बरोबर आमच्या नवऱ्याचं नाक शोधतात. एक हिवाळा, फक्त एक हिवाळा आम्ही त्या झाडांच्या मुलखात काढला. त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी दर जानेवारीला तो हिवाळा आमच्या घरात येऊन बसतो. अविनाश त्याच्याशी गप्पा मारतो आणि मी भांडते.

लिंडेनबाख त्या वाडीचं नाव. गाव म्हणायची माझी तयारी नाही. एक चर्च, चर्चच्या अंगणात एक घंटा, आठकोनी नाचघर, बंद पडलेलं पोस्ट, जनावरांच्या खाद्याचं एक दुकान, आणि दगडी कुंपणांमागे तोंड लपवून बसलेली घरं. मध्ये एक ओढा, त्यावर पूल नाही. रस्ताच ओढ्यातून जातो आणि कडेला एक उंच पट्टी रोवलेली, पाणी किती चढलंय ते बघायला. मी होते तेव्हा त्या पट्टीच्या पायाशी भेगाळलेला चिखल आणि बिअरचे डबे. जर्मन भाषेत लिंडेन म्हणजे एक झाड आणि बाख म्हणजे ओढा, हे अविनाशनेच मला सांगितलं. लिंडेनचं झाड तिथे एकही नाही, पूर्वीही नव्हतं. म्हणजे नावातलं झाड मागे जर्मनीत राहिलं आणि नावातलं पाणी वर्षातले आठ महिने बेपत्ता. उरलं काय, तर चुनखडीचा दगड आणि सीडर.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ही माणसं जहाजातून आली. तिकडे जर्मनीत कुणी बड्या लोकांनी त्यांना नकाशे दाखवले होते, काळी मऊ जमीन, भरपूर पाणी, नदीकाठी घरं. इथल्या किनाऱ्यावर उतरले तर चिखल, डास आणि ताप. बैलगाड्यांनी आत निघाले, वाटेत पोरंबाळं पुरत पुढे गेले. आणि जिथे पोचले तिथे कुदळ मारली की ठिणगी उडायची. तेच दगड उपसून त्यांनी कुंपणं रचली, सिमेंट नाही की चुना नाही, नुसता दगडावर दगड. अजून ढळलेली नाहीत. हे सगळं मला अविनाशकडून कळलं. तो सकाळी फिरायला जायचा तो चर्चपुढची इतिहासाची पाटी पुन्हा पुन्हा वाचून यायचा. त्या पाटीवर लिहिलं होतं की पहिलं नाचघर आगीत जळलं, त्यानंतर सगळ्यांनी मिळून घंटा आणली, आणि त्या घंटेने पुढे एकदा अख्खी वाडी वणव्यातून वाचवली. तेव्हापासून रविवारची प्रार्थना, गावातला मृत्यू आणि आग यांनाच ती घंटा वाजते.

"काय माणसं असतील गं!" तो बूट काढता काढता म्हणायचा.

"होती," मी म्हणायचे. "आता जी आहेत त्यांचं बोल."

अविनाश मूळचा बार्शीचा. इथल्याच अर्विंग शहरातल्या एका कंपनीत उभा जन्म प्रोग्रॅम लिहिले आणि साठी जवळ आल्यावर त्याने ध्यास घेतला की आता गावात राहायचं. बार्शीला परत जायचं तर तिथलं कुणी उरलं नव्हतं. लेक मुग्धा इथे. मग त्याने टेक्ससमध्येच गाव शोधलं. इंटरनेटवर दगडी घराचा फोटो बघितला, एका शनिवारी मला गाडीत घालून नेलं आणि पोर्चवर उभं राहून म्हणाला, "इथे सगळे एकमेकांना ओळखत असतील." त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी हो म्हटलं.

ओळखत होते, नाही कशाला म्हणू? एकमेकांना ओळखत होते. आणि आम्ही त्यातले नाही हे पक्कं ओळखत होते. तिथल्या रस्त्यांवर एक पद्धत आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलायचं, झाला रामराम. अविनाशला हे कुठून तरी कळलं आणि तो पहिल्या दिवसापासून बोट उचलायला लागला. बोट कसलं, पंजाच उचलायचा. पिकअप ट्रक यायचा, आतली टोपी सरळ समोर बघायची आणि धुरळा उडवत निघून जायची. पुढची गाडी आली की याचं बोट पुन्हा वर. "दिसलं नसेल गं, ऊन डोळ्यावर होतं," म्हणायचा. मी शेजारी बसून दात आवळायचे. सगळ्या वाडीच्या डोळ्यांवर ऊन! ढगाळ दिवशीसुद्धा!

मी माणसांत वाढलेली बाई. भांडण चालतं मला, तोंडावर चार शब्द सुनावले तरी चालतात, मी आठ सुनावीन. पण हे न बघणं मला सहन व्हायचं नाही. मी पुरणपोळ्या करून शेजारच्या घरी नेल्या. बाईंनी जाळीच्या दारातून हात बाहेर काढून डबा घेतला, थँक यू म्हणाल्या, दार लावलं. दुसऱ्या दिवशी डबा आमच्या पायरीवर, धुऊन पुसून, रिकामा. आपल्याकडे कुणी रिकामा डबा परत करतं का? निदान चार साखरेचे दाणे तरी टाकतो. मी तो डबा वापरायचाच सोडला.

आणि डिसेंबर संपता संपता ती झाडं बदलली. एरवी काळपट हिरवी, बुटकी, माजलेली झाडं ती. थंडी पडली की त्यांतली नर झाडं तांबूस पडतात, गंज चढावा तशी. उत्तरेकडून गार वारा आला, आभाळ लख्ख झालं की त्यांच्यातून पिवळा पराग उडायला लागतो. गाडीची काच पिवळी, पोर्चची खुर्ची पिवळी, वाळत घातलेला पंचा पिवळा. पेन्सिलला टोक केल्यावर येतो तसला वास, पण गोड नव्हे, घशात अडकणारा. डोळे चुरचुरतात, कान आतून खाजतात, डोकं जड. तिथले लोक त्याला सीडर फीवर म्हणतात आणि असं म्हणतात की पहिली काही वर्षं नव्या माणसाला तो होतच नाही, अंगात भिनायला वेळ लागतो. अविनाशच्या अंगात तो पहिल्याच हिवाळ्यात भिनला. त्याचं त्याला कोण अप्रूप! "म्हणजे आपण इथले झालो."

त्याच जानेवारीतली दुपार. मी आत आल्याचं किसत होते, अविनाश पोर्चवर. एकदम ओरडला, "अगं, डोंगर पेटला!" मी बाहेर आले. चर्चमागच्या टेकडीवरून धुराचे लोट उठत होते. पांढरट पिवळे, एकामागून एक, वाऱ्यावर तिरपे होत खाली वाडीकडे येत होते. मी आजही शपथेवर सांगेन, धूरच होता तो. आमच्या घरात त्या दिवशी फोनला सिग्नल नव्हता. अविनाश चपलाच घालून पळाला, त्या खडकाळ वाटेने, साठीचा माणूस, धापा टाकत. आणि थोड्या वेळाने मला घंटा ऐकू आली.

मी पोचले तेव्हा वाडी जमली होती. कुणी ॲप्रन घातलेल्या, कुणाच्या हातात फावडं, आणि खाद्याच्या दुकानाचा मालक वॉल्टर पाण्याची टाकी लादलेला ट्रक घेऊन. मी प्रथमच त्या सगळ्यांना एका जागी बघत होते. अविनाश दोन्ही हातांनी दोरी ओढत होता, मान वर, तोंड उघडं, आणि प्रत्येक ओढीला टाचा उचलल्या जात होत्या. वॉल्टर उतरला. उंच, लाल मानेचा, पन्नाशीचा माणूस. कुंपणापाशी सीडरचं झाड होतं, त्याची एक फांदी धरून त्याने अविनाशच्या तोंडापुढे झटकली. भस्सकन पिवळा धूर. अविनाशला ओळीने शिंका सुरू झाल्या.

"ही आग नाही, मिस्टर," वॉल्टर म्हणाला. "हे झाड आहे."

मागून कुणी तरी फिस्सकन हसलं. मग वॉल्टरने दोरी अविनाशच्या हातातून काढून घेतली आणि खांबाला गुंडाळून ठेवली, गाठ मारून.

परतताना मला वाटलं, हा आता खचणार. तर हा माणूस नाक पुसत म्हणतो, "बरं झालं गं, आग नव्हती. पण बघितलंस, सगळे कसे धावत आले? काय गाव आहे!"

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. आम्ही ओढा ओलांडत होतो, समोरून पिकअप आला, अविनाशने सवयीने बोट उचललं. आणि आतल्या माणसाने मूठ वर केली, हवेत खाली ओढली, दोनदा, आणि दात दाखवले. अविनाश इतका दचकला की गाडी जवळजवळ चिखलात गेली. पुढच्या वळणावर दुसरा ट्रक, त्यानेही तेच. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांनी. मूठ वर, मूठ खाली, आणि हसणं.

"आता बोल!" अविनाश मला म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "हा त्यांचा जुना नमस्कार असणार. घंटेचा. घंटेने गाव वाचवलं ना त्यांचं! हे बाहेरच्यांना करत नसतील. मी घंटेला हात लावला, आता मी त्यांच्यातला झालो." आणि समोरून गाडी आल्याबरोबर त्याने मूठ वर केली आणि अदबीने खाली ओढली.

पुढे तो सगळ्यांना तसाच नमस्कार करू लागला. पोस्टमनला केला, कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्यांना केला. अर्विंगहून मित्रमंडळी राहायला आली, त्यांना रांगेत उभं करून शिकवला. "अरे यार, असं नाही, टाच थोडी उचला!" ती साठीतली शहाणीसुरती माणसं पोर्चवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकना हवेतली घंटा वाजवून दाखवत होती, आणि ट्रकवाले हॉर्न मारत होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण त्याचा आनंद बघून मीही थोडी विरघळले, मूर्खासारखी.

मग वॉल्टरच्या दुकानात मला कळलं. मी पक्ष्यांचे दाणे घ्यायला गेले होते, मागच्या बाजूला पोत्यांच्या थप्पीआड होते. काउंटरवर वॉल्टर आणि दोघं. खिडकीतून त्यांना आमची गाडी दिसत होती, अविनाश आत बसून वाट बघत होता. एकाने खिडकीशी जाऊन मूठ ओढली. बाहेर अविनाशनेही लगबगीने ओढली. इकडे तिघं पोट धरधरून हसायला लागले. "टाचा बघ, टाचा! गाडीत बसूनसुद्धा उचलतो की काय!" वॉल्टर म्हणाला, "मुंबईचे आमचे फायर मार्शल. चिमणीने शेपूट हलवली तरी घंटा वाजवतील." एकाने "डिंग डाँग" असा आवाज काढला आणि ते पुन्हा हसले.

मुंबईचे म्हणे! बार्शी आणि मुंबई एक का रे, गाढवांनो? त्या क्षणी मला पहिल्यांदा हेच सुचलं, रागाचंही काय सांगावं. मग पायाच्या नखापासून राग चढत आला. मी थप्पीआडून बाहेर आले. वॉल्टर मानेपर्यंत लाल. मी दाण्यांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि तशीच टाकून निघाले. तोंड उघडलं असतं तर मराठीतच बोलले असते आणि तेही त्यांना समजलं असतं. बाहेर अविनाशने दार उघडून धरलं होतं.

"काय झालं? डोळे का लाल?"

"सीडर," मी म्हटलं.

काय सांगणार होते त्याला? हा माणूस या देशात इतकी वर्षं राहिला, घर घेतलं, लेक वाढवली, पासपोर्ट बदलला. पण अर्विंगबद्दल कधी "आमचं अर्विंग" म्हणाला नाही. कंपनीतून निवृत्त झाला त्या दिवशी केक कापून घरी आला तो खोक्यात एक कॉफीचा मग घेऊन, बस. आयुष्यात पहिल्यांदा तो "आमच्या गावात" असं म्हणत होता. हॉटेलात, फोनवर, मुग्धाशी बोलताना, "आमच्या गावात असं करतात." ते शब्द त्याच्या तोंडून काढून घेणं माझ्याच्याने झालं नाही. मग मी सगळा राग एकटीने पोसला. चांगला गुटगुटीत झालाय तो.

त्याच महिन्यात वॉल्टरच्या गोठ्यात डुकरं कापून सॉसेज करायचा दिवस होता. कडाक्याच्या थंडीत ही माणसं सगळी मिळून ते काम करतात, पूर्वापार. चर्चच्या फलकावर लिहिलं होतं, सर्वांना आमंत्रण. मी नको म्हणत होते. अविनाश इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. आत मोठमोठी टेबलं, मिऱ्याचा आणि लसणाचा उग्र वास, ओल्या लाकडाचा धूर, आणि पन्नासेक माणसं. अविनाशने उंबऱ्यात उभं राहून सगळ्यांना मिळून एक मोठा नमस्कार केला. मूठ वर, मूठ खाली, टाचा उचलून.

हसण्याचा असा स्फोट झाला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. बायका ॲप्रनने डोळे पुसत होत्या. आणि सगळ्यांत मोठ्याने अविनाश हसत होता, त्याला वाटलं, आपल्याला बघून आनंद झाला यांना. वॉल्टरने त्याच्या हातात आतड्यांत खिमा भरायच्या यंत्राचा दांडा दिला. दुपारभर अविनाशने तो दांडा फिरवला, खोकत, शिंकत, बाही तोंडावर धरत. जेवताना आम्ही ज्या टेबलावर बसलो तिथल्या समोरच्या म्हातारीने आपलं ताट उचललं आणि पलीकडे जाऊन बसली. अविनाश मला म्हणाला, "तिकडे ऊब आहे, शेगडी आहे ना."

त्या गोठ्यात बसून मला त्या पाटीवरचा इतिहास आठवत होता. पहिल्या महायुद्धात याच लोकांच्या पणजोबांची जर्मन भाषा शाळेतून हाकलली गेली होती. शहरात गेले की त्यांच्या उच्चारांना लोक हसायचे, नकला करायचे. मग घरातली भाषा ओठातल्या ओठात राहिली आणि हळूहळू फक्त थडग्यांवर उरली. हे सगळं पाटीवर लिहिलेलं, त्यांनीच लिहून घेतलेलं. इतकं सोसलेल्या माणसांना दुसऱ्याची नक्कल करताना काहीच कसं आठवत नाही? मला कुणी उत्तर देऊ नये. मला उत्तर ऐकायचं नाही, मला त्यांचा राग करायचाय.

फेब्रुवारीत अविनाशचा श्वास अडकला. शहरातल्या डॉक्टरांनी फुप्फुसं तपासली आणि सांगितलं, त्या झाडांपासून लांब राहा. घर विकावं लागलं. सामानाचा ट्रक पुढे गेला, आम्ही मागून गाडीत. ओढ्यापाशी समोरून वॉल्टरचा पिकअप आला. त्याला आम्ही चाललोय हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. त्याने मूठ वर केली आणि ओढली. अविनाशने गाडी थांबवली, काच खाली केली, आणि दोन्ही हातांनी दोरी ओढली. वॉल्टर निघून गेला. अविनाशचे डोळे भरून आले होते.

"निरोप दिला गं त्याने."

मी माझ्या पायांकडे बघत बसले.

फ्रिस्कोत तो अजून तसाच नमस्कार करतो. समोरचे देशपांडे काका आता करतात, ॲमेझॉनवाला करतो. मुग्धा म्हणते, "बाबा, प्लीज, इट्स सो वियर्ड." तो तिला सांगतो, "अगं, जुनी जर्मन रीत आहे ती. आमच्या गावची." मी तेव्हा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी उगाच पुन्हा बसवते.

या जानेवारीत त्याने हट्टच धरला. सीडर आला तशी म्हणाला, एकदा जाऊन येऊ. मी म्हटलं, फुप्फुसं. तो म्हणाला, मास्क. मी म्हटलं, गुडघे. तो म्हणाला, ड्राइव्ह तू कर. मला खरी भीती निराळीच होती. तेव्हा हसू होतं तरी. आता कुणी ओळखणार नाही, कुणी मूठ उचलणार नाही, आणि हा रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा राहील. त्याहून वाईट, कुणी तरी सांगेल त्याला, अरे, तूच का तो! पण शेवटी निघालो. वाटेत मी मनातल्या मनात वॉल्टरला द्यायची उत्तरं पाठ करत होते, इंग्रजीतून, म्हणजे एक शब्द वाया जाऊ नये.

ओढ्यात या वेळी घोटाभर पाणी होतं. समोरून एक गाडी आली, आत अनोळखी तरुण बाई. तिने मूठ वर केली आणि ओढली. हसण्याचा पत्ता नाही, सहज, आपण मान हलवतो तसं. अविनाशने मला कोपर मारलं. पुढे एक ट्रॅक्टर, त्यावरच्या माणसानेही तेच. चर्चपाशी दोन म्हाताऱ्या रस्ता ओलांडत होत्या, एकमेकींना तसंच करून आपापल्या वाटेने गेल्या. मला काही कळेना.

खाद्याचं दुकान आता वाइन चाखायचं दुकान झालंय. पोत्यांच्या जागी बाटल्या, आणि भिंतीवर टांगलेले टी-शर्ट. प्रत्येक टी-शर्टवर दोरी ओढणारी एक मूठ, खाली लिंडेनबाखचं नाव. खिडकीशी आरामखुर्चीत एक थकलेला माणूस, गुडघ्यावर शाल. मान आता लाल नव्हती, पण मी लगेच ओळखलं. वॉल्टरने मला ओळखलं तेही मला दिसलं. आणि मग त्याने अविनाशला बघितलं.

काउंटरमागची बाई त्याची सून असावी. हसतमुख, बोलकी. "पहिल्यांदाच येताय का लिंडेनबाखला?" तिने विचारलं. अविनाश उत्तर द्यायला तोंड उघडतो तोच त्याला शिंका सुरू झाल्या, एक संपते न संपते तो दुसरी. ती हसली, टिश्यूचा डबा पुढे केला आणि आपलं नेहमीचं सुरू केलं. "हा आमचा नमस्कार बरं का. मूठ वर, आणि अशी खाली. टाच थोडी उचलायची, ते महत्त्वाचं. आमचे पूर्वज जर्मनीहून घेऊन आले. फार जुनी रीत आहे." मग मान वळवून म्हणाली, "हो ना, पापा?"

वॉल्टरने अविनाशकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या तोंडात सगळी उत्तरं तयार होती, एकेक घासून आणलेली. मी एक वाक्य बोलले असते तर भिंतीवरचे सगळे टी-शर्ट उतरवावे लागले असते. वॉल्टरलाही ते कळत होतं, त्याचा शालीवरचा हात घट्ट झाला होता.

"असंच सांगतात," तो जमिनीकडे बघून म्हणाला.

अविनाश नाकाला टिश्यू लावून, पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे वळला. "मी म्हणत नव्हतो?" तो मराठीत म्हणाला. "तुझा विश्वासच नव्हता. जुनी रीत आहे त्यांची!"

अख्ख्या वाडीच्या इतिहासात त्यांना स्वतःची म्हणून एक नवी गोष्ट मिळाली, तीही बार्शीच्या माणसाकडून, आणि तीसुद्धा त्यांनी जर्मनीच्या नावावर टाकली. आणि हा गडी खूश.

"आता तुम्ही करून बघा, मॅडम," सून मला म्हणाली. "अवघड नाही."

इतक्या वर्षांत मी एकदाही ती मूठ उचलली नव्हती. मी काउंटरपासून बाजूला झाले, वॉल्टरच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले, मूठ वर केली आणि त्याच्या डोळ्यांत बघत दोरी ओढली. एकदा, दोनदा, टाचा उचलून, अविनाश ओढायचा अगदी तशी. वॉल्टरने मान खाली घातली ती वर केली नाही. मी ओढतच राहिले.

मागे अविनाश मनापासून टाळ्या वाजवत होता.